संगणकाची मूळ मांडणी

संगणक ही आतां नवलाची वस्तु राहिली नाहीं. अकोले तालुक्याच्या डोंगरांतील गांवांपासून जामखेडच्या माळरानापर्यंत, आपल्या जिल्ह्याच्या चौदाहि तालुक्यांत तो शाळेंत, बँकेंत, सरकारी कचेरींत आणि कित्येक घरांतहि येऊन बसला आहे. वस्तु घरोघर आली कीं तिच्याविषयींच्या तक्रारीहि घरोघर येतात. त्यांतील एक तक्रार पालकांच्या तोंडून वारंवार ऐकूं येते: "मुलानें काय केलें कोण जाणे, कालपर्यंत नीट चालणारा संगणक आज ओळखूंहि येत नाहीं." पडद्यावरील चित्र बदललेलें असतें, अक्षरें एकदम मोठीं किंवा बारीक झालेलीं असतात, रोजचीं चिन्हें दिसेनाशीं होतात, कधीं तर सारा पडदाच आडवा फिरलेला असतो. मग मुलास बोल बसतो, आणि यंत्र गाडीवर घालून दुरुस्तीवाल्याकडे नेलें जातें.

तेथें पुष्कळदां जें होतें, त्यासाठींच हा लेख लिहावा असें आम्हांस वाटलें. दुरुस्ती करणाऱ्यास बदललेली मांडणी शोधून सुधारण्यापेक्षां सर्व कांहीं पुसून नव्यानें भरणें सोपें वाटतें. संगणक नव्यासारखा होऊन घरीं येतो खरा. पण मुलानें केलेला प्रकल्प, बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें, वडिलांनीं ठेवलेला उसाचा हिशेब, हें सारें त्याबरोबर गेलेलें असतें. वस्तुतः बिघाड झालाच नव्हता. केवळ मांडणी बदलली होती. मांडणी मूळ स्थितीवर आणणें ही एक गोष्ट, आणि संगणक पुसून कोरा करणें ही अगदीं निराळी गोष्ट. ह्या दोहोंतील भेद आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस स्पष्ट व्हावा, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम हें पाहूं कीं, संगणक सुरू केल्यावर समोर जें दिसतें त्यास डेस्कटॉप, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, असें कां म्हणतात. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत झेरॉक्स कंपनीची एक संशोधनशाळा होती. तेथें १९७३ सालीं आल्टो नांवाचा संगणक तयार झाला. त्यास चित्रें दाखविणारा पडदा होता आणि हातानें सरकविण्याचा माउसहि होता. पुढें १९८१ सालीं त्याच कंपनीनें स्टार नांवाचा संगणक विक्रीस काढला. त्याच्या पडद्यावर कागद, कप्पे व टपाल ह्यांचीं लहान चित्रें मांडलेलीं होतीं, जणूं एखाद्या कारकुनाचें मेजच. १९८४ सालीं ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉशनें आणि १९९५ सालीं मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५ नें ही कल्पना जगभर नेली. खालीं आडवी पट्टी, तिच्या टोकास 'स्टार्ट'ची कळ, आणि वर पसरलेलें मेज, ही जी मांडणी आपण ओळखतों ती विंडोज ९५ पासूनची.

मेज म्हटलें कीं तें मांडण्याची ज्याची त्याची रीत आली. कोणी दौत उजवीकडे ठेवतो, कोणी डावीकडे. संगणकाच्या मेजाचेंहि तसेंच आहे. पाठीमागचें चित्र, रंग, अक्षरांचा आकार, चिन्हांच्या जागा, पट्टीची रुंदी, माउसचा वेग, हें सर्व वापरणारास बदलतां येतें. संगणक बनविणारांनीं आरंभीं जी मांडणी ठरवून दिलेली असते तिला इंग्रजींत 'डिफॉल्ट' म्हणतात. आपण तिला मूळ मांडणी म्हणूं.

आतां मुख्य प्रश्न असा, कीं आपण बदल केला म्हणजे मूळ मांडणी नाहींशी होते काय? बहुतेक लोकांची समजूत तशी असते, आणि सारी भीति त्या समजुतींतून उपजते. खरी गोष्ट उलट आहे. शेताचें उदाहरण घ्या. शेजाऱ्यानें बांध कोरला, हद्दीचा दगड हलविला, तरी गांवचा मूळ नकाशा भूमि अभिलेख कार्यालयांत सुरक्षित असतो. तो काढून मोजणी केली म्हणजे हद्द पुन्हां कायम होते. शेतांत कोणीं कितीहि खुणा केल्या तरी कचेरींतील कागदावर एक रेघहि उमटत नाहीं. संगणकांतहि मूळ मांडणीचा नकाशा एका जागीं असतो, आणि आपण केलेले फेरफार दुसऱ्या जागीं, आपल्या नांवावर, लिहिले जातात. पडदा रंगवितांना संगणक आधीं आपले फेरफार पाहतो. एखाद्या बाबतींत फेरफार नसेल तर मूळ नकाशांतील नोंद घेतो. म्हणून मूळ स्थितीवर येणें म्हणजे कांहीं नवें बनविणें नव्हे. वरचे फेरफार बाजूस सारणें एवढेंच तें काम आहे.

हे फेरफार कोठें असतात तेंहि सांगतों. विंडोजमध्यें 'रजिस्ट्री' नांवाची एक मोठी नोंदवही असते, आणि प्रत्येक वापरणाराच्या नांवाची तिची वेगळी शाखा त्याच्याच फोल्डरमध्यें एका लपविलेल्या फाइलींत ठेवलेली असते. लिनक्स ह्या मुक्त प्रणालींत वापरणाराच्या घरच्या फोल्डरांत, ज्यांच्या नांवाचा आरंभ एका टिंबानें होतो अशा लपलेल्या फोल्डरांत, ते असतात. त्यांतील मुख्य फोल्डराचें नांव 'कॉन्फिग'. लिनक्समध्यें ग्नोम नांवाची जी मेजाची पद्धति आहे ती तर ह्या तत्त्वाचा उत्तम नमुना होय. तिच्या 'डीकॉन्फ' नांवाच्या नोंदवहींत केवळ आपण बदललेल्या गोष्टीच लिहिलेल्या असतात. न बदललेल्यांची नोंदच नसते. वही कोरी केली कीं मूळ मांडणी आपोआप समोर येते.

ह्यावरून एक सोपी परीक्षा निघते, आणि पालकांनीं ती अवश्य ध्यानांत ठेवावी. संगणक बिघडला आहे कीं केवळ मांडणी बदलली आहे, हें ठरवावयाचें असल्यास त्याच संगणकावर दुसऱ्या नांवानें एक नवें खातें उघडावें. नव्या खात्यास संगणक मूळ नमुन्यावरून मांडणी देतो. विंडोजमध्यें त्या नमुन्याच्या फोल्डराचें नांवच 'डिफॉल्ट' असें आहे. लिनक्समध्यें त्यास 'स्केल' म्हणतात, आणि तें 'स्केलेटन' म्हणजे सांगाडा ह्या शब्दाचें लघुरूप होय. नव्या खात्यांत सर्व कांहीं ठाकठीक दिसलें तर यंत्रास कांहीं झालेलें नाहीं असें बहुधा समजावें. ह्या परीक्षेस दहा मिनिटें लागतात, एक पैसाहि लागत नाहीं, आणि जुन्या खात्यांतील एक अक्षरहि हलत नाहीं.

मूळ स्थितीवर येण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर जी एकच गोष्ट बदलली असेल तेवढीच सुधारावयाची. दुसऱ्या पायरीवर एका माणसाची सगळी मांडणी परत न्यावयाची. तिसऱ्या पायरीवर सारा संगणकच नव्यासारखा करावयाचा. पहिली पायरी चुकली तरी हानि नाहीं. तिसरी चुकली तर हानि भरून येत नाहीं. म्हणून नेहमीं पहिलीपासून आरंभ करावा. लोक मात्र बहुधा तिसरीपासून आरंभ करतात.

पहिली पायरी विंडोज ११ वर अशी चढावी. मेजाच्या मोकळ्या जागीं माउसची उजवी कळ दाबावी व 'पर्सनलाइझ' हा शब्द निवडावा. पुढें 'थीम्स' ह्या विभागांत विंडोजच्या नांवाची मूळ थीम असते. ती निवडतांच चित्र, रंग व आवाज पूर्ववत् होतात. त्याच विभागांत 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज' आहे. कचऱ्याची टोपली किंवा 'धिस पीसी' हें चिन्ह नाहींसें झालें असल्यास तेथून परत आणतां येतें, आणि चिन्हांचीं चित्रें बदललीं असल्यास 'रिस्टोअर डिफॉल्ट' ही कळ आहेच. पडदा आडवा किंवा उलटा झाला असेल तर त्याच उजव्या कळेनें 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडून 'ओरिएंटेशन' पुढें 'लँडस्केप' निवडावें. अक्षरें फार मोठीं वा बारीक झालीं असल्यास तेथेंच 'स्केल' पुढें ज्या आंकड्याजवळ 'रेकमेंडेड' असें लिहिलें असेल तो घ्यावा. दहा तक्रारींपैकीं बहुतेक येथेंच मिटतात.

लिनक्सवर केडीई नांवाची पद्धति असेल तर मांडणीच्या प्रत्येक पानावर 'डिफॉल्ट्स' अशी कळ असते. ती दाबून मग 'अप्लाय' दाबावें. ग्नोममध्यें एकेक बाब सुधारतां येते, किंवा 'टर्मिनल' उघडून डीकॉन्फला नोंदी पुसण्याची आज्ञा देतां येते. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनें २००७ सालीं बॉस नांवाची भारतीय लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. ती डेबियन ह्या लिनक्सवर आधारलेली असल्यामुळें तिच्यावरहि हेच नियम चालतात.

दुसऱ्या पायरीचा नियम एका वाक्यांत सांगतां येतो: पुसूं नका, नांव बदला. लिनक्सवर मांडणीचें लपलेलें फोल्डर पुसून टाकण्याऐवजीं, त्या खात्यांतून बाहेर पडून, दुसऱ्या अधिकारी खात्यानें त्याच्या नांवापुढें 'जुनें' असा शब्द जोडावा. संगणकास फोल्डर सांपडलें नाहीं म्हणजे तो मूळ नमुन्यावरून नवें बनवितो. आणि आपलें जुनें बाजूस शाबूत राहतें. पुढें एखादी गोष्ट हवीशी वाटली तर ती तेथून काढून घेतां येते. विंडोजवर ह्याच हेतूनें नवें खातें काढून जुन्या खात्यांतील कागद त्यांत हलविणें हा सुरक्षित मार्ग होय.

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण ह्या ठिकाणींच विद्यार्थ्यांचें नुकसान होतें. मेजावर दिसणारीं चिन्हें दोन प्रकारचीं असतात. ज्या चिन्हाच्या खालच्या कोपऱ्यांत लहानसा बाण असतो तें केवळ वाट दाखविणारी पाटी होय. पाटी काढली म्हणून गांव नाहींसें होत नाहीं. परंतु ज्यावर बाण नाहीं तें बहुधा प्रत्यक्ष कागद किंवा कागदांचा कप्पा असतो. मेज स्वच्छ करावयाचें म्हणून सर्व चिन्हें एकदम पुसणारा विद्यार्थी पाट्यांबरोबर गांवेंहि पुसून टाकतो. मेजावरील कागद हे मांडणीचा भाग नव्हत. ते आपली संपत्ति होत. त्यांस आधीं 'डॉक्युमेंट्स'मध्यें किंवा पेन ड्राइव्हवर हलवावें, आणि मगच मेज आवरावें.

तिसऱ्या पायरीचें नांव विंडोजमध्यें 'रीसेट धिस पीसी' असें आहे. तिचे दोन प्रकार आहेत. एकांत सर्व कांहीं जातें. दुसऱ्याचें नांव 'कीप माय फाइल्स', म्हणजे माझ्या फाइली राखा, असें धीर देणारें आहे. पण त्यांतहि आपण मागाहून बसविलेले सर्व कार्यक्रम व आपल्या सर्व मांडण्या जातात, राहतात त्या केवळ फाइली. पालकांनीं दुरुस्तीवाल्याकडे संगणक देतांना तो कोणती पायरी चढणार आहे, हें विचारूनच द्यावा, आणि देण्यापूर्वीं आपल्या कागदांची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

इथवर जें सांगितलें तें जगांतील कोणत्याहि शाळेस लागू आहे. परंतु आपल्या मुलांपुढें एक विशेष अडचण आहे. मूळ मांडणी ही देवानें किंवा निसर्गानें ठरविलेली नसते. ती कोणा दूरच्या माणसांनीं आपल्या सोयीप्रमाणें ठरविलेली असते. आणि आपल्याकडे विकत मिळणाऱ्या बहुतेक संगणकांच्या मूळ मांडणींत भाषा इंग्रजी असते. नेवासें येथें १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यास संगणकावर मराठींत निबंध लिहावयाचा तर आधीं मांडणींत बदल करावा लागतो, मराठी कळफलक जोडावा लागतो. सर्व मांडणी मूळ स्थितीवर नेली कीं हा बदलहि पुसला जातो. केवळ थीम बदलल्यानें मराठी जात नाहीं. परंतु ग्नोमची सारी नोंदवही कोरी केली, नवें खातें काढलें किंवा तिसरी पायरी चढली, तर मराठी पुन्हां हातानें जोडावी लागते. ज्यास हें ठाऊक नाहीं तो म्हणतो, संगणकांतून मराठी गेली, आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहूं लागतो.

ती परत आणणें कठीण नाहीं. विंडोजमध्यें 'टाइम अँड लँग्वेज' ह्या विभागांत जाऊन भाषांच्या यादींत मराठी जोडावी. तिच्याबरोबर इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो. भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं मान्य केलेल्या मानकांत ह्याच कळफलकाची रचना दिलेली आहे. तींत स्वर डाव्या हाताखालीं आणि व्यंजनें उजव्या हाताखालीं येतात, आणि एकदां मराठीसाठीं शिकलेला हात गुजराती वा कानडीसाठींहि चालतो. ज्यांस इंग्रजी कळांवरून उच्चारानुसार लिहावयाचें असेल त्यांच्यासाठीं २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलकहि विंडोजमध्यें आहे. लिनक्सवर 'कीबोर्ड' विभागांतील 'इनपुट सोर्सेस' ह्या यादींत मराठी जोडावी.

जुन्या मराठी कागदांविषयीं एक सूचना. पूर्वींचे पुष्कळ कागद युनिकोडमध्यें नसून विशिष्ट टंकांत लिहिलेले असतात. संगणक कोरा केल्यानें तो टंक गेला कीं असा कागद उघडतांच देवनागरीऐवजीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन घोळ दिसतो. कागद बिघडला असें समजून तो टाकून देऊं नये; तोच टंक पुन्हां बसवितांच मजकूर जसाच्या तसा उभा राहतो.

छापखान्यांतील कामाशीं ह्या सर्वाचें मोठें साम्य आहे. मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्राचा आरंभ १८४२ सालीं ह्याच नगरांत झाला, तेव्हां छपाई हें हातकष्टाचें काम होतें. खिळ्यांच्या छापखान्यांत जुळारी एकेक खिळा जुळवून पान उभें करी, आणि छापून झाल्यावर तेच खिळे पुन्हां आपापल्या खणांत टाकी. खिळे खणांत गेल्याशिवाय पुढचें पान जुळत नसे. म्हणजे मूळ स्थितीवर येणें हा नाश नव्हे, तो पुढील कामाचा आरंभ होय. मात्र पानाची प्रत हातीं आल्याशिवाय शहाणा जुळारी खिळे सोडीत नसे. आपणहि तोच क्रम पाळावा. मांडणी मोडण्यापूर्वीं पडद्याचें एक छायाचित्र काढावें, आणि कोणता कळफलक, कोणता टंक, अक्षरांचा कोणता आकार होता, हें वहींत चार ओळींत लिहून ठेवावें. संगणकाची आठवण गेली तरी वहीची जात नाहीं.

शाळेच्या संगणक-कक्षांत आणखी एक विचार लागतो. तेथें एका यंत्रावर दिवसांत अनेक मुलें बसतात. एकाची हौस दुसऱ्यास अडचण होते, म्हणून शिक्षक रोज सायंकाळीं सर्व यंत्रें मूळ स्थितीवर आणतात, आणि तें योग्यच आहे. पण प्रत्येक बदल हौसेचा नसतो. ज्या मुलीची दृष्टि मंद आहे तिनें अक्षरें मोठीं व पडदा गडद केलेला असतो. जो मुलगा डावखुरा आहे त्यानें माउसच्या कळा अदलून घेतलेल्या असतात. त्यांची मांडणी पुसली म्हणजे त्यांचा पुढचा तास ती पुन्हां लावण्यांत जातो, आणि भिडस्त मूल तर कांहीं न बोलतां तसेंच डोळे ताणून बसतें. ह्यावर उपाय एकच: ज्यास त्यास निराळें खातें द्यावें. मांडणी खात्याबरोबर असते, यंत्राबरोबर नव्हे, हें आपण वर पाहिलें. खातें निराळें झालें कीं मंददृष्टि मुलीचीं मोठीं अक्षरें तिच्यापाशीं राहतात आणि शेजाऱ्याचा क्रिकेटवीर त्याच्यापाशीं. घरींहि भावंडांनीं असेंच करावें. एवढें न जमल्यास, कोणाचीहि मांडणी पुसण्यापूर्वीं ती कोणाची आहे हें निदान विचारावें.

आमच्या विद्यार्थिमित्रांस शेवटीं एवढेंच सांगावयाचें आहे. परतीची वाट ठाऊक असलेल्यानें नवी वाट चालून पाहण्यास भिऊं नये. आपले कागद जपून ठेवावे, मांडणीची नोंद वहींत करावी, आणि मग रंग, चित्रें, चिन्हें, कळफलक खुशाल बदलून पाहावे. संगणक शिकण्याचा ह्याहून चांगला मार्ग नाहीं. आणि पालकांस आमची विनंति अशी, कीं पडदा ओळखूं येईनासा झाला म्हणून मुलावर रागावण्यापूर्वीं त्यास जवळ बसवून विचारावें: बाळ, तूं काय बदललेंस, आणि तें परत कसें आणावयाचें? त्यास उत्तर येत असेल तर गाडीवर यंत्र घालण्याचें कारणच उरणार नाहीं. येत नसेल तर नवें खातें उघडण्याची ती दहा मिनिटांची परीक्षा दोघांनीं मिळून करावी.